जाब सरकारला की साऱ्या जमातीला?

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात इस्रायल हे नाव पोचले ते ठिबकच्या नळीबरोबर. उसाच्या सरीत लॅटरल अंथरताना, एकेक ड्रिपर थेंब टाकतो की नाही हे वाकून पाहताना, क्षार धरले म्हणून नळ्यांतून आम्ल सोडताना 'हे तंत्र इस्रायलचे' असे कुणी ना कुणी म्हणतेच. ते खरेही आहे. सिम्खा ब्लास या पाणी-अभियंत्याच्या कल्पनेवरून नेगेव्ह वाळवंटातल्या हात्सेरीम किबुत्झने १९६५ मध्ये ठिबकचा कारखाना काढला. किबुत्झ म्हणजे जमीन, अवजारे आणि कमाई सामाईक ठेवणारी वस्ती. ही कल्पना समाजवादी विचारांच्या ज्यू तरुणांनी प्रत्यक्षात आणली होती. आपल्या शेतात आलेली ही नळी मुळात डाव्यांच्या वस्तीतून निघाली आहे.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे लातूरला पाणी घेऊन आली. त्यानंतर दोन वर्षांनी मराठवाड्यातली धरणे मोठ्या जलवाहिन्यांनी जोडण्याची 'वॉटर ग्रिड' योजना पुढे आली आणि तिचा आराखडा करण्यासाठी राज्य सरकारने इस्रायलच्या मेकोरोट या सरकारी पाणी कंपनीशी करार केला. म्हणजे इकडे इस्रायल म्हटले की पाणी आठवते.

७ ऑक्टोबर २०२३ नंतर त्याच नावाला वेगळा रंग चढला. हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेले गेले. त्यानंतरच्या युद्धात गाझातल्या मृतांचा आकडा तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे ६० हजारांच्या पुढे गेला. आपल्याकडे डाव्या पक्षांनी निदर्शने केली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला मुंबईत परवानगी मिळेना, जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली, पुढे ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर सभा झाली. अशा प्रत्येक वेळी एक वाद ठरलेला असतो. एक बाजू म्हणते, इस्रायलविरुद्ध बोलणारे सगळे ज्यूद्वेष्टे. दुसरी म्हणते, ज्यूद्वेष वगैरे काही नसते, टीका दाबण्यासाठी काढलेली ती पळवाट आहे. दोन्ही म्हणणी सोयीची आहेत आणि दोन्ही चूक आहेत. फरक करता येतो. मराठवाड्याच्या माणसाला तर तो इतरांपेक्षा लवकर कळायला हवा. का, ते पुढे येईलच. आधी पाण्यापासून सुरुवात करू.

एक आरोप, तीन रूपे

१९६७ च्या युद्धानंतर वेस्ट बँक इस्रायलच्या लष्करी ताब्यात गेली आणि तिथल्या पाण्याचा कारभारही लष्कराच्या हाती आला. नवी विहीर खोदायची तर परवाना लागू लागला. मेकोरोट तिथे ज्यू वसाहतींना पाणी पुरवते आणि पॅलेस्टिनी गावांना विकतेही. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २००९ च्या अहवालात म्हटले की पॅलेस्टिनी माणसाला दिवसाला सुमारे ७० लिटर पाणी मिळते, तर इस्रायली माणूस सुमारे ३०० लिटर वापरतो. इस्रायलच्या जल प्राधिकरणाने हे आकडे नाकारले. वाद झाला, होत राहील. पण आरोप कसा केला आहे ते पाहा. कुणी केले, कुठे केले, किती केले, कोणत्या नियमाखाली केले, सगळे त्यात आहे. आकडा खोटा ठरला तर आरोप पडतो, खरा ठरला तर संबंधितांना उत्तर द्यावे लागते. ही टीका झाली. मेकोरोटशी महाराष्ट्राने करार करावा की नाही, हा प्रश्न औशाच्या माणसाने विचारला तर तोही याच जातीचा. त्यात ज्यूद्वेष शोधायला जाऊ नये.

आता पाण्याबद्दलचाच दुसरा आरोप. १३४८-४९ मध्ये युरोपात प्लेगने माणसे पटापट मरू लागली, तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवले अशी आवई उठली. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबर्ग शहरात शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. प्लेग तोवर त्या शहरात पोचलासुद्धा नव्हता. इथे कर्ता कोण? कोणीच नाही आणि सगळेच. पुरावा? गरज नाही, कारण 'ती जातच तशी'. आरोप खोटा ठरवण्याची सोयच नाही, हीच त्याची खूण.

ही जुनी आवई आजच्या राजकारणात किती सहज डोके वर काढते, ते जून २०१६ मध्ये दिसले. पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनी युरोपीय संसदेत भाषण करताना सांगितले की पॅलेस्टिनींच्या पाण्यात विष घाला असे काही रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, म्हटले आहे. आधार काहीच निघाला नाही. दोनच दिवसांत त्यांनी विधान मागे घेतले. वेस्ट बँकेतल्या पाण्याची खरी तक्रार हाताशी असताना नेत्याने मध्ययुगातली आवई उचलली आणि नुकसान झाले ते त्या खऱ्या तक्रारीचेच.

तिसरे रूप सर्वांत अवघड. १९४८ च्या युद्धात आक्को शहर आणि काही गावे यांच्या पाण्यात ज्यू सैन्याच्या एका गुप्त मोहिमेत खरोखरच रोगजंतू सोडले गेले, हे बेनी मॉरिस आणि बेंजामिन केदार या दोन इस्रायली इतिहासकारांनी २०२२ मध्ये कागदपत्रांसह मांडले. विषय तोच, पाण्यात विष. तरी हा ज्यूद्वेष नाही. त्यात मोहीम आहे, हुकूम आहेत, कागद आहेत, वर्ष आहे. त्या मोहिमेबाहेरच्या कोणत्याही ज्यू माणसावर त्याचा बोजा टाकलेला नाही. तेव्हा एखादा शब्द किंवा विषय निषिद्ध ठरवून हा फरक कळत नाही. बोट कुणाकडे दाखवले आणि कशाच्या जोरावर दाखवले, ते पाहावे लागते.

डाव्यांत हा द्वेष शिरतो कसा

समतेचे नाव घेणाऱ्यांत जमातीचा द्वेष यावा, हे ऐकायला विचित्र वाटते. त्याचे कारण या द्वेषाच्या घडणीत आहे. इतर वंशद्वेष समोरच्याला हीन, अडाणी, अस्वच्छ ठरवतात. ज्यूद्वेष त्याला कपटी आणि सर्वशक्तिमान ठरवतो. बँका त्याच्या, वर्तमानपत्रे त्याची, सरकारे त्याच्या खिशात. त्यामुळे हा द्वेष बाळगणाऱ्याला आपण बलवानाविरुद्ध लढतो आहोत असे वाटते. आपल्याकडे १८७५ मध्ये पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. तो राग व्याजाच्या व्यवहारावर होता, तोवर त्याला अर्थ होता. सावकाराच्या जातीवर घसरला की तेच आंदोलन दुसरेच काही होऊन बसते.

२०१२ मध्ये लंडनच्या भिंतीवर एक चित्र रंगवले गेले. काही श्रीमंत म्हातारे गरिबांच्या वाकलेल्या पाठींवर पट मांडून खेळत बसले आहेत. भांडवलशाहीवरची टीका म्हणून ते खपून गेले असते, पण त्यातल्या काही चेहऱ्यांची ठेवण ज्यूंच्या जुन्या विकृत व्यंगचित्रांतली होती. चित्र पुसायला निघाल्यावर खासदार जेरेमी कॉर्बिन यांनी चित्रकाराची बाजू घेतली होती. ते मजूर पक्षाचे नेते झाल्यानंतर, २०१८ मध्ये, हे गाजले आणि चित्र नीट पाहिले नव्हते असे म्हणून त्यांनी खेद व्यक्त केला. २०२० मध्ये ब्रिटनच्या समता आणि मानवाधिकार आयोगाने मजूर पक्षाने ज्यू सदस्यांच्या बाबतीत कायदा मोडल्याचा ठपका ठेवला. तक्रारींच्या चौकशीत नेत्याच्या कार्यालयाने ढवळाढवळ केली होती आणि पक्षाच्या वतीने वागणाऱ्या व्यक्तींकडून ज्यूंचा छळ झाला होता. इस्रायल सरकारवरच्या रास्त टीकेला संरक्षण आहे, हेही त्याच आयोगाने नोंदवले. या प्रकाराचा आकार विरोधकांनी आणि माध्यमांनी राजकारणासाठी फुगवला, असे कॉर्बिन म्हणाले. त्याच दिवशी पक्षाने त्यांना निलंबित केले.

कम्युनिस्ट राजवटींचा इतिहास याहून काळा आहे. १९४७ मध्ये पॅलेस्टाइनच्या फाळणीला सोव्हिएत संघाने पाठिंबा दिला होता आणि मे १९४८ मध्ये इस्रायलला तातडीने मान्यताही दिली होती. चारच वर्षांत वारे फिरले. नोव्हेंबर १९५२ मध्ये प्रागमध्ये रुडॉल्फ स्लान्स्की आणि इतरांवर खटला चालला. १४ आरोपी, सगळे कम्युनिस्ट, त्यांपैकी ११ जण ज्यू. आरोप 'झायनवादी', म्हणजे ज्यूंचे स्वतंत्र राष्ट्र मागणाऱ्यांच्या, कटाचा. ११ जणांना फासावर चढवले. १९६८ मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने 'झायनवाद्यां'विरुद्ध मोहीम काढली. नोकऱ्या गेल्या, पक्षातून हकालपट्ट्या झाल्या, सुमारे १३ हजार ज्यूंना देश सोडावा लागला. त्यांतल्या बहुतेकांचा इस्रायलशी काही संबंध नव्हता. 'ज्यू' म्हणायची लाज वाटते म्हणून 'झायनवादी' म्हणायचे, ही युक्ती तिथे सरकारी छापाने चालली. आजही एखाद्या घोषणेतल्या 'झायनवादी'च्या जागी 'ज्यू' घालून पाहावे. अर्थ जराही बदलत नसेल, तर बोलणाऱ्याच्या मनात सरकार नसते, माणसे असतात.

झायनवादाला विरोध म्हणजे आपोआप ज्यूद्वेष, असेही समजू नये. १८९७ मध्ये बाझेलला पहिली झायनवादी परिषद भरली. त्याच वर्षी विल्नात 'बुंद' हा ज्यू कामगारांचा समाजवादी पक्ष उभा राहिला. आम्ही जिथे राहतो तिथेच आमचे हक्क घेऊ, असे म्हणत बुंदने झायनवादाला कडवा विरोध केला. तेव्हा हा ज्यूंमधलाच वाद होता. आज मात्र इस्रायलमध्ये ७० लाखांहून अधिक ज्यू राहतात. ज्यू आणि पॅलेस्टिनी यांनी एका राज्यात राहावे की दोन राज्यांत, यावर कितीही भांडता येते. पण त्या भूमीवरून ज्यूंना हाकलूनच लावावे असे कुणी म्हणू लागला, किंवा पॅलेस्टिनींना हाकलावे असे म्हणू लागला, की चर्चा राज्यव्यवस्थेची राहत नाही.

शब्दाचा दंडुका

आता दुसरी चूक. ज्यूद्वेष हा शब्द टीकाकारांना गप्प करायलाही वापरला जातो. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृती संघटनेने मे २०१६ मध्ये ज्यूद्वेषाची कामचलाऊ व्याख्या स्वीकारली. सोबत ११ उदाहरणे दिली, त्यांतली बहुतेक इस्रायलशी संबंधित. इतर देशांवर होते तशी टीका इस्रायलवर झाली तर तो ज्यूद्वेष नव्हे, हे वाक्य त्याच मजकुरात आहे, पण व्याख्या वापरणारे ते नेमके विसरतात. व्याख्येचा मूळ मसुदा लिहिण्यात केनेथ स्टर्न या अमेरिकी ज्यू वकिलाचा मोठा वाटा होता. आकडेवारी गोळा करण्यासाठी केलेली ही व्याख्या विद्यापीठांत तोंडे बंद करायला वापरू नका, असे तेच पुढे जाहीरपणे सांगू लागले. मार्च २०२१ मध्ये सुमारे २०० अभ्यासकांनी 'जेरुसलेम जाहीरनामा' काढला. बहिष्काराची हाक, पॅलेस्टिनींच्या हक्कांची मागणी, झायनवादाला विरोध या गोष्टी मुळातच ज्यूद्वेषी ठरत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. जगभरच्या ज्यूंना इस्रायलच्या वर्तनासाठी जबाबदार धरणे मात्र ज्यूद्वेषच, हेही त्यात तितकेच स्पष्ट आहे.

इस्रायलवर प्रेम दाखवले की ज्यूद्वेषाचा डाग लागत नाही, हाही एक भ्रम आहे. आपल्या स्टेशनांवरच्या पुस्तकांच्या गाड्यांवर हिटलरचे आत्मचरित्र राजरोस विकले जाते. २००६ मध्ये नवी मुंबईत चक्क हिटलरच्या नावाने उपाहारगृह निघाले. मुंबईच्या ज्यूंनी निषेध केल्यावर नाव बदलले गेले. इस्रायलच्या लष्कराचे कौतुक आणि हिटलरच्या 'शिस्तीचे' कौतुक एकाच तोंडून ऐकायला मिळते, तेव्हा त्या कौतुकात ज्यू माणूस कुठेच नसतो.

मराठी ज्यूंचे धरणे

हा ज्यू माणूस आपल्या अगदी जवळचा आहे. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतके तेलाचा घाणा चालवत आले. शनिवारी घाणा बंद म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावे चेऊलकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर. घरची भाषा मराठी. मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस याच समाजाचे, आणि सिनेमातले डेव्हिडही. १९४८ नंतर यांतले बहुतेक इस्रायलला गेले. तिथून मराठीत 'मायबोली' नावाचे नियतकालिकही निघत आले.

हे लोक इस्रायलला गेले आणि त्यांनी इस्रायल सरकारशी भांडण मांडले. रंगामुळे आणि मूळ देशामुळे आम्हाला दुय्यम वागणूक मिळते, आम्हाला भारतात परत पाठवा, अशी मागणी करत १९५१-५२ मध्ये काही जण तेल अवीवमध्ये धरणे धरून बसले. १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना सरकारला परत पाठवावे लागले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बीने आदेश काढला की बेने इस्राएल व्यक्तीचे लग्न इतर ज्यूंशी लावण्यापूर्वी तिच्या आईकडच्या वंशाची चौकशी करा. म्हणजे हे ज्यू आहेत की नाहीत याचीच शंका. त्यावर चळवळ उठली. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बेने इस्राएल बायका-पुरुष धरण्यावर बसले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये हे लोक सर्व अर्थांनी ज्यू आहेत, असे इस्रायली संसदेने जाहीर केले आणि रब्बींना आदेश बदलावा लागला.

इस्रायल सरकारवर टीका करणारा ज्यूद्वेष्टा, हे म्हणणे या धरण्यापुढे टिकत नाही. आणि 'ज्यू' व 'इस्रायल सरकार' एकच, हेही टिकत नाही. आजही बत्सेलेमसारख्या इस्रायली मानवाधिकार संघटना आपल्या सरकारवर सर्वांत धारदार अहवाल काढतात.

आपल्याकडच्या नेत्यांनी हा फरक केलेला आहे. २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये गांधींनी ज्यूंविषयी लेख लिहिला. जर्मनीत ज्यूंची घरे-दुकाने फोडल्याला तेव्हा दोन-अडीच आठवडेच झाले होते. ख्रिस्ती जगातल्या ज्यूंच्या स्थितीची त्यांनी आपल्याकडच्या अस्पृश्यतेशी तुलना केली, हिटलरच्या छळाचा निषेध केला, आणि त्याच लेखात पॅलेस्टाइन अरबांचे आहे असेही सांगितले. जर्मन ज्यूंना त्यांनी सुचवलेला सत्याग्रहाचा मार्ग ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांना पटला नाही. त्यांनी गांधींना लांबलचक पत्र लिहून तसे कळवले. सल्ला चुकला असेल, पण छळलेल्या माणसांविषयीची कणव आणि एका राजकीय मागणीला विरोध या दोन गोष्टी एकाच लेखात शेजारी शेजारी नांदू शकतात, हे त्यात दिसते. बरोबर सत्तर वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ ला, दहशतवादी मुंबईच्या नरिमन हाउसमध्ये शिरले. तिथल्या रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची गरोदर पत्नी रिव्का यांच्यासह सहा जणांना त्यांनी मारले. कोणत्याही सरकारच्या निर्णयात त्यांचा हात नव्हता. ज्यूंचे घर म्हणून ते घर निवडले गेले.

औशाला हे नवे नाही

आता मराठवाड्याचा विषय. औसा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात होता. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील. रझाकारांनी या भागात लूट, जाळपोळ, खून केले. निजामाच्या राजवटीवर आणि रझाकारांवर टीका करणे म्हणजे मुसलमानांचा द्वेष, असे त्या काळात रझवीचे समर्थक म्हणत. त्याला सर्वांत सडेतोड उत्तर एका मुसलमान पत्रकारानेच दिले. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला.

१७ सप्टेंबरला निजाम शरण आला. पुढे जे घडले ते मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत सहसा येत नाही. रझाकारांचा हिशेब सामान्य मुसलमानांकडून वसूल केला गेला. पंडित सुंदरलाल यांची समिती केंद्र सरकारने पाठवली. तिच्या अंदाजाने संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूरच्या बाजारपेठेचा उल्लेख अहवालात ठळक आहे. शेजारच्या मुसलमानांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्यात आहे. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

निजामाचे संस्थान आणि इस्रायल यांची तुलना फार ताणू नये, इतिहास वेगळे आहेत. पण चुकीची रीत दोन्हीकडे तीच. राज्यकर्त्याचा गुन्हा त्याच्या धर्माच्या दुकानदाराच्या, विणकराच्या नावावर मांडायचा. आणि उलट बाजूने, त्या धर्माची ढाल करून राज्यकर्त्याने उत्तर द्यायचे टाळायचे. शोएबुल्लांवर दुसऱ्या रीतीने वार झाला, लातूरच्या मुसलमान व्यापाऱ्यांवर पहिल्या.

म्हणून गाझावर बोलणाऱ्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. कर्त्याचे नाव मी घेतो आहे का: नेतान्याहू सरकार, लष्कर, एखादी कंपनी, की 'हे लोक'? माझा आरोप तपासता येण्याजोगा आहे, की जगावर ताबा असणाऱ्यांची जुनीच आवई मी नव्याने सांगतो आहे? मुंबई-ठाण्यातल्या बेने इस्राएल शेजाऱ्याकडे मी गाझाचा खुलासा मागतो आहे का? आणि हमासने मारलेल्या माणसांविषयी मला तितकेच वाईट वाटते का? टीका ऐकणाऱ्यानेही एक प्रश्न विचारावा: आरोपाचे उत्तर माझ्याकडे आहे, की उत्तर नाही म्हणून मी आरोप करणाऱ्याची नियत काढतो आहे?

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२४ रोजी वॉरंट काढली ती नेतान्याहू, त्यांचे माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचा लष्करी प्रमुख देइफ यांच्या नावे. ती योग्य होती की नाही यावर देशोदेशी मतभेद आहेत. पण वॉरंटवर ज्यूंचे नाव नव्हते, मुसलमानांचेही नव्हते. आपल्या चौकातल्या भाषणालाही तोच नियम लावता येतो: नाव घ्यायचे ते गुन्हा करणाऱ्याचे, आणि त्याच्यापाशीच थांबायचे.